हळदीच्या पेढीचा हिशोब: एक्सेल-वर्डच्या लिंकमध्ये चुकीचा आकडा येतो कुठून?

विचारलेला प्रश्न असा: सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत पेढी. सौद्यांची नोंद एका एक्सेल फाइलमध्ये, हमाली-तोलाईचे दर दुसऱ्या फाइलमध्ये, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाचे कागद) आणि बँकेला द्यायची पत्रं वर्डमध्ये. आकडे 'पेस्ट लिंक' करून, म्हणजे मूळ फाइलशी जोडून आणलेले. नवा संगणक आल्यापासून वर्डमध्ये जुनेच आकडे दिसतात, एक्सेल उघडताना दरवेळी लिंक अपडेट करायच्या का म्हणून विचारतं, आणि मध्यंतरी एका शेतकऱ्याच्या पट्टीवर दुसऱ्याच शेतकऱ्याचं वजन छापलं गेलं. यावर उपाय काय, आणि सगळं गूगल शीट्सवर न्यावं का?

तुम्ही तिन्ही तक्रारी एका दमात सांगितल्यात, पण तिसरी बाकीच्या दोघींपेक्षा फार गंभीर आहे. जुने आकडे दिसणं आणि दरवेळी येणारी सूचना हे दोन्ही एका बैठकीत सुटेल. तुटलेली लिंक निदान तोंड उघडते. रेफ एरर (पत्ता सापडत नसल्याची खूण) दाखवते, फाइल सापडत नाही म्हणते. चुकीच्या जागी जोडलेली लिंक मात्र गप्प असते. ती नीटनेटका आकडा दाखवते आणि तोच आकडा शेतकऱ्याच्या हातात जातो. म्हणून आधी तिचंच बघू.

स्वतः करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. 'सौदे' नावाची फाइल करा आणि बी कॉलममध्ये दहा शेतकऱ्यांची वजनं लिहा. दुसरी 'पट्टी' फाइल करा आणि तिच्यात 'सौदे'मधल्या बी ७ ची लिंक आणा. दोन्ही सेव्ह करून बंद करा. आता एकटी 'सौदे' उघडा, पाचव्या ओळीच्या वर एक नवी ओळ घाला, सेव्ह करून बंद करा. मग 'पट्टी' उघडून अपडेट म्हणा. मघाशी बी ७ मध्ये असलेला शेतकरी आता बी ८ मध्ये गेला आहे, पण 'पट्टी' अजून बी ७ च वाचते. म्हणजे पूर्वीच्या सहाव्या ओळीचं वजन तुमच्या पट्टीवर येतं. एरर नाही, सूचना नाही, काही नाही.

हाच प्रयोग दोन्ही फाइली उघड्या ठेवून केला तर लिंक आपोआप बी ८ वर सरकते, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. एक्सेल दुसऱ्या फाइलमधला पत्ता लक्षात ठेवतं, त्या पत्त्यावर कोण राहतं ते नाही. आणि पत्ता बदलल्याचं त्याला कळतं ते दोन्ही फाइली त्या क्षणी उघड्या असतील तरच. तुमच्याकडे झालं असणार ते असं: दिवाणजी सौदे उरकून आले, एक लॉट नोंदवायचा राहिला होता, तो त्यांनी मधेच ओळ घालून नोंदवला. कुणी यादी नावाप्रमाणे सॉर्ट केली असेल तरीही हेच होतं. सॉर्टच्या बाबतीत तर दोन्ही फाइली उघड्या असूनही लिंक माणसामागे जात नाही.

म्हणून पेढीवरचा पहिला नियम असा करा: दुसऱ्या फाइलमधल्या सेलच्या पत्त्याला लिंक जोडायची नाही.

एकटे आकडे, म्हणजे हमालीचा दर, तोलाई, बाजार समितीचा सेस, यांना नाव द्या. सेल निवडायचा, फॉर्म्युला बारच्या डाव्या टोकाला जिथे सेलचा पत्ता दिसतो त्या चौकटीत नाव टाईप करायचं आणि एंटर. नाव इंग्रजी अक्षरांत आणि स्पेस न देता ठेवा. मग लिंक त्या नावाशी जोडा. वर कितीही ओळी घाला, नाव आपल्या आकड्यासोबतच राहतं.

शेतकऱ्यांच्या ओळींसाठी मात्र नावं देत बसायचं नाही. तिथे खूण लागते: पट्टी नंबर किंवा खाते क्रमांक. त्या क्रमांकावरून लूकअप करून, म्हणजे यादीत तो क्रमांक शोधणाऱ्या सूत्राने, वजन आणायचं. इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. व्हीलूकअप या सूत्राचा शेवटचा, चौथा भाग लिहायचा राहिला की ते जवळपासचं उत्तर शोधतं आणि तेच बिनधास्त दाखवतं. तिथे शून्य किंवा फॉल्स लिहायलाच हवं. एक्सेल २०२१ किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ असेल तर एक्सलूकअप वापरा, ते मुळातच नेमकी जुळणी मागतं. शिवाय व्हीलूकअपमध्ये 'चौथा कॉलम' असा आकडा आपण लिहितो आणि मधे कॉलम वाढला की तोही चुकतो. एक्सलूकअपमध्ये किंवा इंडेक्स-मॅचच्या जोडीत कॉलमचा असा आकडा लिहावा लागत नाही, म्हणून ही अडचण येत नाही. पण मूळ फाइल एकटीच उघडून कॉलम वाढवला तर पत्ता इथेही जुनाच राहतो. तेव्हा नवे कॉलम कायम उजव्या टोकाला वाढवायचे, मधे नाही.

दुसरी घसरण आपल्या मराठीची आहे. शेतकऱ्याच्या नावावरून लूकअप कधीच करू नका. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील सापडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात 'कऱ्हाड'सारखा शब्द युनिकोडमध्ये एकापेक्षा जास्त प्रकारे टाईप होतो. कुणी स्वतंत्र 'ऱ' वापरतं, कुणी 'र'ला हलंत देऊन मधे न दिसणारं जोडअक्षर-चिन्ह टाकतं. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक्सेलच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. क्रमांकाला हा त्रास नाही. फक्त एका फाइलमध्ये तो आकडा म्हणून आणि दुसरीत मजकूर म्हणून साठलेला नाही ना, एवढं बघा. सेलच्या कोपऱ्यात छोटा हिरवा त्रिकोण दिसला तर बहुधा तो मजकूर म्हणून बसलाय.

आणखी एक गोष्ट, कारण ती तुमच्या फाइलमध्ये असण्याची दाट शक्यता आहे. मूळ फाइल बंद असताना सगळीच सूत्रं चालत नाहीत. सम-इफ आणि काउंट-इफ व्हॅल्यू एरर देतात, इनडायरेक्ट रेफ एरर देतं, आणि 'टेबल' करून त्याच्या कॉलमच्या नावाने जोडलेली लिंकसुद्धा मूळ फाइल उघडी मागते. लूकअप, इंडेक्स-मॅच आणि समप्रॉडक्ट बंद फाइलमधूनही वाचतात.

खरं तर दोन एक्सेल फाइलींमध्ये शेकडो सूत्रांचं जाळं विणण्यापेक्षा पॉवर क्वेरी, म्हणजे दुसऱ्या फाइलमधली यादी आणून देणारी एक्सेलचीच सोय, वापरा असं मी कुठल्याही पेढीला सांगेन. एक्सेल २०१६ पासून ती डेटा टॅबमध्येच आहे, 'गेट डेटा' नावाने (२०१६ मध्ये 'न्यू क्वेरी'). सौद्यांची यादी टेबल करून ठेवायची आणि पट्टीच्या फाइलमध्ये ते अख्खं टेबल क्वेरीने आणायचं. क्वेरी कॉलम ओळखते ती त्याच्या नावावरून, मूळ फाइल बंद असली तरी चालतं, आणि फाइलचा पत्ता एकाच जागी राहतो. कॉलमचं नाव कुणी बदललं तर ती सरळ एरर देते, आणि आपल्याला तेच हवं आहे. लक्षात ठेवायचं एकच: रिफ्रेश केल्याशिवाय नवे आकडे येत नाहीत. क्वेरीच्या प्रॉपर्टीजमध्ये 'फाइल उघडताना रिफ्रेश' वर खूण करून ठेवा.

आता वर्ड. पट्टीसाठी वर्ड मुळात का वापरताय? पट्टी म्हणजे आकड्यांचा कागद. पोती, वजन, दर, वजावट, निव्वळ रक्कम. तो एक्सेलमध्येच छापा. एका शीटवर पट्टी नंबर टाकायची एक चौकट ठेवा आणि बाकी सगळं त्या नंबरावरून येऊ द्या. एका शेतकऱ्याचे तीन-चार लॉट असले तर फिल्टर हे सूत्र सगळ्या ओळी एकदम आणतं, तेही २०२१ पासूनच्या एक्सेलमध्ये आहे. वर्डच्या मेल मर्जमध्ये (एकाच नमुन्यात यादीतल्या प्रत्येकाची माहिती भरून कागद काढण्याची सोय) हेच करायला गेलात तर प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी निघते आणि चार लॉटवाल्या शेतकऱ्याला चार कागद जातात.

मेल मर्ज ठेवा पत्रांसाठी: वर्षाअखेरचा उतारा, उचल बाकी असल्याचं कळवणं वगैरे. त्यात एक्सेलमधून आकडा येताना त्याचं रूप येत नाही, नुसता कच्चा आकडा येतो. त्यामुळे ७.१ क्विंटलचं कधी कधी ७.०९९९९९ असं लांबलचक शेपूट छापलं जातं आणि तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी अशी येते. ७ मार्चचा सौदा ३/७ असा छापला की वाचणारा ३ जुलै समजणार. यावर खात्रीचा उपाय म्हणजे एक्सेलमध्येच शेजारी एक कॉलम करून टेक्स्ट या सूत्राने तारीख आणि रक्कम हव्या त्या रूपात मजकूर म्हणून तयार ठेवायची आणि मर्जमध्ये तो कॉलम घ्यायचा.

बँकेच्या पत्रासारखं एखादं पत्र, ज्यात चार-पाचच आकडे येतात, तिथे पेस्ट लिंक योग्य आहे. हे पत्र नव्या संगणकावर जुने आकडे का दाखवतंय ते बघायचं तर वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ ९ एकत्र दाबा. आकड्यांच्या जागी महिरपी कंसातला मजकूर दिसेल: लिंक हा शब्द, मग एक्सेलचा प्रकार, मग फाइलचा संपूर्ण पत्ता, मग शीट आणि ओळ-कॉलम. त्या पत्त्यात जुन्या संगणकाचं फोल्डर दिसेल. एक्सेल एकाच फोल्डरमधल्या दुसऱ्या फाइलचं नुसतं नाव धरून ठेवतं, म्हणून दोन्ही एकत्र हलवल्या तर लिंक टिकते. वर्ड मात्र ड्राइव्हपासूनचा अख्खा पत्ता लिहून ठेवतं. फाइल तिथे नाही म्हटल्यावर ते शेवटचा माहीत असलेला आकडा तसाच ठेवतं. तुमचे जुने आकडे हे असे आले.

प्रत्येक लिंक वेगळी दुरुस्त करत बसू नका. ऑल्ट-एफ ९ ने पत्ते उघडे असतानाच कंट्रोल-एच घ्या, शोधायच्या जागी जुना पत्ता आणि बदलायच्या जागी नवा पत्ता टाका. या पत्त्यात तिरक्या रेघा दोन-दोन असतात, दोन्हीकडे तशाच लिहा. मग पुन्हा ऑल्ट-एफ ९, कंट्रोल-ए आणि एफ ९. हेडर, फूटर किंवा टेक्स्ट बॉक्समधल्या लिंक कंट्रोल-ए मध्ये येत नाहीत, तिथे जाऊन वेगळं करा. पत्ते उघडे आहेत तोवर शेवटचा ओळ-कॉलमचा भाग खोडून तिथे आपण दिलेलं नाव लिहिलंत तर ओळ सरकण्याचा धोकाही वर्डपुरता संपला.

नवा संगणक घेतल्यावर आणखी एक बदल न विचारता होतो. विंडोजमध्ये वनड्राइव्हचा बॅकअप चालू झाला की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हच्या आत जातात. डोळ्यांना डेस्कटॉप तोच, पण पत्ता बदललेला. हिशोबाच्या फाइली डेस्कटॉपवर ठेवण्याची सवय सोडा. डी ड्राइव्हवर एक फोल्डर करा आणि लिंक असलेल्या सगळ्या फाइली त्यातच ठेवा. दोन संगणकांवर काम चालत असेल तर सामायिक फोल्डरचं ड्राइव्ह अक्षर दोन्हीकडे एकच हवं. एकाकडे झेड आणि दुसऱ्याकडे वाय असेल तर लिंक आज इकडे तुटणार, उद्या तिकडे.

दरवेळी विचारली जाणारी सूचना बंद करायची ती यानंतर, आधी नाही. डेटा टॅबमधली 'एडिट लिंक्स' खिडकी उघडा (मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये 'वर्कबुक लिंक्स'). जुन्या पत्त्यावर बोट ठेवून 'चेंज सोर्स'ने नवी फाइल दाखवा. एडिट लिंक्सच्या खिडकीत 'स्टार्टअप प्रॉम्प्ट' आहे. तिथे न विचारता अपडेट करणारा पर्याय निवडा. न विचारता आणि अपडेटही न करणारा पर्याय त्याच्याच शेजारी आहे, तो चुकून निवडला तर महिनाभर शिळे आकडे छापाल. आणि 'ब्रेक लिंक' हे बटण मूळ फाइलवर दाबू नका. सूत्र जाऊन तिथे नुसता आकडा राहतो, आणि हे अनडू होत नाही.

ब्रेक लिंकचा उपयोग आहे, पण बाहेर जाणाऱ्या कागदावर. शेतकऱ्याला दिलेली पट्टी आणि बँकेला दिलेलं पत्र त्या दिवशीचंच राहिलं पाहिजे. ते लिंकसकट साठवलं आणि तीन महिन्यांनी उघडलं तर त्यात आजचा दर येईल, आणि शेतकऱ्याच्या हातातला कागद व तुमची स्थळप्रत यांत फरक पडेल. भांडण झालं तर पेढीची बाजू पडते. देताना पीडीएफ करा आणि तीच स्थळप्रत म्हणून ठेवा. वर्डचीच प्रत ठेवायची असेल तर त्या प्रतीत कंट्रोल-ए करून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ९ दाबा, सगळे आकडे साधा मजकूर होतात.

सीए साहेबांना व्हॉट्सअॅपवर फाइल पाठवतानाही हेच. लिंक असलेली एक्सेल फाइल आपल्यासोबत मूळ फाइलमधल्या आकड्यांची साठवण घेऊन जाते, म्हणजे लूकअपसाठी अख्खी यादी वाचली असेल तर बाकीच्या शेतकऱ्यांचे आकडेही फाइलच्या पोटात जातात. पाठवायच्या प्रतीत लिंक तोडा, मगच पाठवा. उलट दिशेनेही जपा. अनोळखी नंबरावरून आलेली फाइल लिंक अपडेट करायला परवानगी मागत असेल तर नाही म्हणा. वर्डमधला जुना डीडीई हा लिंकचा प्रकार याच मार्गाने होणाऱ्या हल्ल्यांमुळे मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१७ मध्ये मुळातच बंद ठेवला.

पेढीवर श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली नावं अजून असतील तर ती लिंकमध्ये 'अनफॉरमॅटेड टेक्स्ट' म्हणून आणल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. त्या फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, फाँट तसं चित्र दाखवतो एवढंच. एकदा बसून यादी युनिकोडमध्ये बदलून घ्या. दुसरा टिकाऊ मार्ग नाही.

एप्रिलमध्ये नवं वर्ष उघडताना बऱ्याच पेढ्यांवर 'सेव्ह अॅज' करून फाइलच्या नावात वर्ष बदलतात. तसं केलं की पट्टीची नवी फाइल गेल्या वर्षीच्या सौद्यांशी जोडलेली राहते, कारण 'सौदे'चं नाव बदलल्याचं बंद असलेल्या 'पट्टी'ला कळलेलंच नसतं. वर्ष फोल्डरच्या नावात लिहा, आतल्या फाइलींची नावं दरवर्षी तीच ठेवा आणि सगळं फोल्डर एकदम कॉपी करा. मग एक्सेलची लिंक खिडकी उघडून नवं फोल्डर दिसतंय का ते बघा. वर्डमधले पत्ते आणि पॉवर क्वेरीचा पत्ता मात्र हाताने बदलावे लागतात, तिथे आपोआप काही होत नाही.

गूगल शीट्सवर जावं का? दोन-तीन माणसं एकाच वेळी नोंद करत असतील, एक यार्डात मोबाईलवर आणि एक पेढीवर, तर सौद्यांच्या नोंदीपुरतं जा. एका शीटमधून दुसरीत आणायला इम्पोर्टरेंज आहे. पहिल्यांदा रेफ एरर दिसते, त्यावर जाऊन परवानगीचं बटण दाबलं की आकडे येतात. संगणक बदलला तरी पत्ता बदलत नाही, हा तिथला मोठा फायदा. पण ओळ सरकण्याचा दोष तिथेही तोच आहे, कारण इम्पोर्टरेंजमध्ये कुठून कुठपर्यंतचे सेल आणायचे ते आपण मजकूर म्हणून लिहितो. एका सेलचा पत्ता न लिहिता पूर्ण कॉलम आणा आणि क्रमांकावरूनच शोधा. गूगल डॉक्समध्ये आणलेलं टेबल तर आपोआप बदलतच नाही, त्याच्यावरचं 'अपडेट' बटण दाबावं लागतं. सौद्याच्या वेळी नेट गेलं तर काय, तेही आधी ठरवा. माझं मत विचाराल तर छापायची पट्टी एक्सेलमध्येच राहू द्या. लिब्रेऑफिस वापरत असाल तर पत्ता आणि क्रमांकाबद्दलचं वरचं सगळं तसंच लागू आहे. लिंकची यादी तिथे 'एडिट' मेनूत मिळते.

सांगलीत राहून बॅकअपबद्दल लिहिलं नाही तर बरं होणार नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. संगणक वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या गावी हलवायची वेळ येते तेव्हा फाइली वाचतात, पण जोडण्या तुटतात. म्हणून पावसाळ्याआधी अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. त्याच संगणकावर तपासायचं असेल तर आधी मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदला. नाहीतर बॅकअपमधल्या वर्डच्या फाइली आणि पॉवर क्वेरी मूळ फोल्डरमधूनच आकडे घेतील आणि सगळं ठीक असल्यासारखं वाटेल.

राहिल्या आधीच दिलेल्या पट्ट्या. एकावर चुकीचं वजन आलं म्हणजे त्या ओळीच्या खालच्या सगळ्यांवर आलेलं असू शकतं. पट्ट्यांची एकूण बेरीज सौद्यांच्या बेरजेशी मिळवून समाधान मानू नका. दोघांची वजनं आपसांत बदलली असतील तर बेरीज बरोबरच येईल. स्थळप्रतींवरून पट्टी नंबर आणि छापलेलं वजन एका नव्या शीटवर हाताने उतरवा, शेजारी त्याच नंबरावरून सौद्यांतलं वजन आणा आणि फरकाचा कॉलम करा. वजन काट्याच्या पावत्या हाताशी ठेवा, कारण शंका आली तर अंतिम आधार त्याच. जिथे फरक शून्य नाही, त्या शेतकऱ्यांना त्यांनी विचारायची वाट न बघता फोन करा आणि जुन्या पट्टीचा नंबर नमूद करून दुरुस्त पट्टी द्या. ज्याला रक्कम जास्त गेली आहे त्यालाही तसंच कळवा, त्याची वळती पुढच्या पट्टीत त्याला विचारूनच करा.